हुकूमावरून

कुठल्याही जुन्या सरकारी कचेरीची भिंत आठवा. "विनापरवानगी आत येऊ नये." "येथे गर्दी करू नये." "भिंतीस टेकून उभे राहू नये." आणि अगदी खाली, कोपऱ्यात: "हुकूमावरून". हुकूम कुणाचा, हे लिहिलेलं नसतं. आत यायचं असेल तर परवानगी कुठे मिळते, तेही लिहिलेलं नसतं. पाटी वाचणाऱ्याला एवढंच कळतं, की आपण इथे नकोसे आहोत.

आता खिशातला मोबाईल काढा. चळवळीचं काम ज्या ग्रुपवर चालतं त्याची नियमावली उघडा. "अनावश्यक पोस्ट टाकू नये. वैयक्तिक चर्चा करू नये. खात्री नसलेली माहिती देऊ नये. अशुद्ध लिहू नये. रात्री दहानंतर मेसेज करू नये. नियम मोडणाऱ्यास पूर्वसूचना न देता काढून टाकण्यात येईल. ॲडमिन."

"हुकूमावरून"च्या जागी "ॲडमिन" आला. बाकी पाटी तीच.

मित्रांनो, ही भाषा आपल्या आज्या-पणज्यांनी आयुष्यभर ऐकली. शिवू नको. पाणवठ्यावर येऊ नको. देवळाची पायरी चढू नको. पायात वहाण घालून चावडीपुढून जाऊ नको. जातीची आचारसंहिता सगळी 'नको' आणि 'नये'मध्ये लिहिलेली होती. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जे पुस्तक जाळलं, त्यातली शूद्रांसाठीची आणि बायकांसाठीची पानं काढून बघा, काय काय करू नये याचीच जंत्री सापडेल. आणि आज आपण, त्या पुस्तकाचं दहन दरवर्षी साजरं करणारे, आपल्या पोरांना कामाला बोलावतो आणि दारातच तशीच जंत्री लटकवून ठेवतो.

अतिशयोक्ती वाटते? मग माझ्याच हातून घडलेलं सांगतो.

लॉकडाऊनमध्ये आम्ही चौदा जणांनी एक काम काढलं होतं. वस्त्यावस्त्यांत जुन्या शाहिरांच्या, गायन पार्ट्यांच्या हस्तलिखित वह्या पडून आहेत. कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या माळ्यावर. वाळवी लागण्याआधी त्यांचे फोटो काढायचे, ड्राइव्हवर चढवायचे आणि प्रत्येकानं वाटून घेतलेली पानं एका सामाईक गूगल डॉकमध्ये टाइप करायची. सुरुवात करण्याआधी नियमावली केली. ती लिहिणाऱ्या तिघांत मी होतो. अकरा नियम होते, त्यातले नऊ 'नये'नं संपत होते. तेव्हा अभिमान वाटला होता. वाटलं, शिस्त आली.

त्यात मराठवाड्यातल्या एका गावची मुलगी होती, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या आजोबांचीच एक वही होती आणि ती वही तिनंच मागून घेतली. लॅपटॉप नव्हता, सगळं मोबाईलवर टाइप करायची. पहिल्या चार पानांत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, दोन ठिकाणी ओळी वरखाली झाल्या होत्या. आमच्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यानं ग्रुपवर लिहिलं, की ज्यांना शुद्धलेखन येत नाही त्यांनी मूळ साहित्याला हात लावू नये. सात जणांनी अंगठा दिला. त्या सातांत मी होतो. तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं, म्हणजे आपण सभ्यपणे वागलो असं आम्हाला वाटलं. खरं तर नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं, निदान तिला उत्तर देता आलं असतं.

ती काही बोलली नाही. पुढचे तीन आठवडे तिनं एकतीस पानं टाइप केली. एक चूक नाही. मी ग्रुपवर कौतुकही केलं.

मग एके दिवशी मी सहज फोटो आणि टाइप केलेलं पान शेजारी ठेवून वाचायला बसलो. वहीत "लिव्हलं" होतं, पानात "लिहिलं" झालं होतं. "व्हता"चं "होता". "पान्यासाठी"चं "पाण्यासाठी". "बाबानं सांगिटलं"चं "बाबासाहेबांनी सांगितले". एकतीस पानांत त्या म्हाताऱ्या शाहिराची बोली धुऊन-पुसून काढलेली. ढोलकीवर म्हणून बघितलं तर चाल बसेना, मात्राच बदलल्या होत्या. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "दादा, अशुद्ध लिहू नये असं लिहिलं होतं ना."

तिनं नियम मोडला नव्हता. तंतोतंत पाळला होता. नियम पाळला गेला आणि काम बुडालं. अकरा नियमांत आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं की "वहीत आहे तसं टाइप करा". पाच शब्द. ते लिहायला आम्हाला सुचलं नाही, कारण आमचं सगळं डोकं काय नको यातच गुंतलं होतं. महिनाभरात ती ग्रुपमधून निघून गेली. कारण दिलं नाही. कारण द्यावं असं तिला का वाटावं?

तेव्हापासून मी या 'नये'च्या मागे लागलोय आणि एक गोष्ट मला पक्की कळली आहे. मनाई करायला काही लागत नाही. "अशुद्ध लिहू नये" म्हणणाऱ्याला स्वतः शुद्धलेखन यायची गरज नाही, शिकवायची तर त्याहून नाही. पण "शंका आली तर शब्दापुढे प्रश्नचिन्ह ठेवा, रविवारी आपण दोघं मिळून बघू" असं लिहायचं म्हटलं की रविवार द्यावा लागतो. आपल्याला जे येतं ते दुसऱ्याच्या हातात ठेवावं लागतं. "संदर्भाशिवाय लिहू नये" हे कुणीही लिहील. "बाबासाहेबांचं मराठी भाषण असेल तर सरकारी प्रकाशनाच्या १८व्या खंडात बघा, त्याचे तीन भाग आहेत, सापडलं की पान क्रमांक लिहा" हे लिहायला तो खंड एकदा तरी हाताळलेला असावा लागतो. म्हणजे 'नये' लिहिणारा बहुतेक वेळा आपलं अज्ञान तरी झाकतो, नाहीतर ज्ञान आपल्यापाशी दडवून ठेवतो. ज्ञान दडवून ठेवणं आणि वर दुसऱ्याला अडाणी म्हणणं, ही रीत कुणाची आहे हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

काही जण म्हणतील, हे शब्दांचे खेळ झाले. उलटं लिहा, सुलटं लिहा, अर्थ तोच. अर्थ तोच नसतो. "दुसऱ्याचा मजकूर खोडू नये" हा नियम वाचणारा, मजकुरात ढळढळीत चूक दिसली तरी गप्प बसतो. "बदल सुचवायचा असेल तर शेजारी टिप्पणी लिहा आणि लिहिणाऱ्याला एक दिवस द्या" हे वाचणारा चूक दाखवतो आणि भांडणही होत नाही. पहिल्या वाक्यात तुम्ही त्याला चोर धरलं, दुसऱ्यात सहकारी.

जगभरच्या लोकांनी मिळून ऑनलाइन उभं केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे विकिपीडिया. जानेवारी २००१ मध्ये इंग्रजीत सुरू झाला, मराठी आवृत्ती २००३ पासून आहे. कुणीही यावं आणि लिहावं, अशी रचना. तिथल्या जुन्या संकेतांतले दोन फार बोलके आहेत: एक, धीट व्हा, चूक दिसली तर दुरुस्त करा, दुसरा, समोरच्याचा हेतू चांगला आहे असं धरून चाला. दोन्ही काय करायचं ते सांगतात. पण पुढे काय झालं? इंग्रजी विकिपीडियावर नियमांवर नियम चढत गेले, नवख्याचं लिखाण क्षणात उलटवणारी यंत्रं आली, आणि त्याच्या पानावर तयार छापाच्या ताकिदी पडू लागल्या. तिथल्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर होती, नंतर ती घसरत गेली. आरन हाफेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचं मोठं कारण हेच सापडलं: चांगल्या हेतूनं आलेल्या नवख्यांचं पहिलंच काम फेटाळलं जात होतं, आणि ते परत येत नव्हते. गंमत म्हणजे "नवख्यांना चावू नका" असाही एक संकेत तिथे आहे. 'नका'वाला. चावणं थांबलं नाही.

२०२१ साली विकिपीडिया चालवणाऱ्या प्रतिष्ठाननं सगळ्या प्रकल्पांसाठी एकच आचारसंहिता जाहीर केली. तिची मांडणी बघण्यासारखी आहे. आधी अपेक्षित वागणूक: एकमेकांचा आदर, नवख्याला वाट दाखवणं, ज्यानं काम केलं त्याचं श्रेय त्याला देणं, आभार मानणं. मग अस्वीकार्य वागणुकीचा भाग: छळ, सत्तेचा गैरवापर, मजकुराची नासधूस. आणि अपेक्षित वागणूक कुणाकडे बघून बदलायची नाही, या यादीत वय, अपंगत्व, धर्म, भाषेवरचं प्रभुत्व यांच्यासोबत 'जात' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या हजारो गटांनी स्वीकारलेला 'कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंट' नावाचा करार आहे, त्याच्याही २.१ या आवृत्तीत जात आली. म्हणजे परदेशातल्या प्रोग्रामरच्या आचारसंहितेत जातीचा उल्लेख आहे, आणि आपल्या ग्रुपच्या नियमावलीत "गुड मॉर्निंग टाकू नये".

लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स अनेक वर्षं सहकाऱ्यांना ईमेलमध्ये शिव्या देण्यासाठी प्रसिद्ध होता. काम उत्तम, जिभेला हाड नाही. लोक म्हणायचे, चालायचंच, गुणवत्ता आहे ना. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यानं स्वतः जाहीर माफी मागितली, काही काळ कामातून बाजूला झाला, आणि त्या प्रकल्पाची आधीची संघर्षसंहिता जाऊन कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंटवर बेतलेली आचारसंहिता आली. त्यामुळे लिनक्स बंद पडलं नाही. आपल्याकडेही असे 'गुणवान' दादा प्रत्येक ग्रुपवर एकेक आहेत. त्यांचं वाचन मोठं, त्याग मोठा, आणि त्यांच्यामुळे किती पोरं निघून गेली त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आता आक्षेपांकडे येतो. ते आपल्याच माणसांचे आहेत आणि त्यात दम आहे.

पहिला आक्षेप: बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञा काय आहेत? पहिल्या आठ तर नकाराच्याच. मग नकाराला नावं कशाला ठेवता? बरोबर आहे. पण त्या प्रतिज्ञांचा कर्ता बघा. प्रत्येक वाक्यात 'मी' आहे. मी मानणार नाही, मी करणार नाही. ज्याच्या मानेवर शतकांचं जोखड होतं, तो ते स्वतः उतरवून ठेवतोय. पंचशीलाचंही तेच, विरत राहण्याची शिकवण माणूस स्वतः ग्रहण करतो. 'नये'मध्ये 'मी' कुठे आहे? 'नये'मध्ये कर्ताच गायब असतो. आणि नवव्या प्रतिज्ञेपासून वळण बघा: सर्व माणसं समान आहेत असं मी मानतो, समतेच्या स्थापनेचा प्रयत्न करीन, अष्टांगिक मार्गानं जाईन, सर्व प्राणिमात्रांवर दया करीन. पहिल्या आठ प्रतिज्ञांत नकार देऊन बाबासाहेब लगेच वाट दाखवायला लागतात. आपण मात्र 'नाही'पाशीच मुक्काम ठोकला.

त्यांच्या वृत्तपत्रांची नावं एका ओळीत ठेवून वाचा. १९२० 'मूकनायक', १९२७ 'बहिष्कृत भारत', १९२८ 'समता', १९३० 'जनता', १९५६ 'प्रबुद्ध भारत'. मुके आणि बहिष्कृत या जखमेच्या नावांपासून निघून ती नावं कुठे पोचली, ते दिसतं. आणि आपण बॅनरवर लिहितो ती घोषणा? शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. (क्रमावरून वाद आहे, तो इथे नको.) तिन्ही क्रियापदं करायला सांगणारी आहेत. "अडाणी राहू नका, फुटू नका, घाबरू नका" असंही म्हणता आलं असतं. तशी घोषणा कुणी दिली असती का?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो तरुणांकडून येतो. "सकारात्मक बोला" हे आपल्याला कोण सांगतं? अत्याचाराची बातमी टाकली की "नकारात्मकता पसरवू नका" म्हणणारे. वसतिगृहातल्या भेदभावाबद्दल बोललं की "भाषा सांभाळा" म्हणणारे. आरक्षणावर उघड उघड अपमान करून वर "चर्चा सौम्य ठेवा" म्हणणारे. ही सौम्यता म्हणजे आपलं तोंड बांधायचा रुमाल आहे. आणि ऑफिसातल्या प्रशिक्षणात शिकवतात तो गोडवा तर आणखी वाईट. पगार न वाढवता "आपण एक कुटुंब आहोत" म्हणणारा.

यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. म्हणून नीट वेगळं करून सांगतो. अन्यायाला अन्याय म्हणायचं, जोरात म्हणायचं, ज्याला 'नाही' म्हणायचं त्याला तोंडावर 'नाही' म्हणायचं. त्यात शब्द मऊ करायची गरज नाही. मी बोलतोय ते आपल्या बाजूच्या माणसाशी, आपल्याच कामात, आपण कसं बोलतो त्याबद्दल. आपल्याकडे उलटंच चाललंय. कचेरीतल्या साहेबाला लिहायच्या निवेदनात "आपला नम्र" आणि "विनंती आहे की", आणि वस्तीतून आलेल्या पोरीला "हात लावू नये". आपला जहालपणा खाली वाहतो. ज्याच्यावर ओरडता येतं त्याच्यावर ओरडणं, याला जहाल म्हणत नाहीत.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये सम्यक वाचेची फोड करताना खरं बोलणं पहिलं ठेवलं, आणि त्यासोबत सर्वांशी आपुलकीनं व सौजन्यानं बोलणं आणि मुद्द्याचं बोलणंही सांगितलं. आणि हे भीतीपोटी किंवा कुणाची मर्जी राखायला करायचं नाही, वरच्याला काय वाटेल याचा विचारच त्यात नाही, हेही तिथेच स्पष्ट केलं. सौजन्य आणि लाचारी यातला फरक इतक्या थोडक्यात दुसरीकडे कुठे मी वाचलेला नाही. वरच्याकडे बघून ठरतं ते सौजन्य नव्हेच.

आम्ही नियमावली पुन्हा लिहिली. एका बैठकीत झाली नाही, चार रविवार गेले, भांडणंही झाली. "रात्री दहानंतर मेसेज करू नये" यावर सगळ्यात जास्त. एक जण म्हणाला, मी कंपनीत दुसऱ्या पाळीला असतो, घरी येतो साडेअकराला, मग मी काम करायचंच नाही का? दहाचा नियम करणारे आम्ही तिघंही ऑफिसवाले होतो, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं. आता तिथे लिहिलंय: "ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा लिहा. झोपताना ग्रुपचा आवाज बंद ठेवा. उत्तर दोन दिवसांत मिळेल." शुद्धलेखनाच्या नियमाच्या जागी: "वहीत आहे तसं टाइप करा. अक्षर लागलं नाही तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवा." चूक दाखवायची असेल तर: "आधी काय नीट झालंय ते सांगा, मग पानाचा फोटो जोडून फरक दाखवा." यावर ते ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, की हे लहान मुलांना शिकवल्यासारखं आहे. असेल. त्यांनाच पहिल्यांदा जमलं नाही, फोटो जोडायला एका पोरानं शिकवलं.

दोन नियम मात्र आम्ही मुद्दाम नकारातच ठेवले. जातीवरून, बाईपणावरून कुणालाही हिणवलेलं चालणार नाही. कुणाचा फोन नंबर किंवा पत्ता त्याला न विचारता बाहेर दिलेला चालणार नाही. इथे वाट दाखवायची नाही, दार बंद करायचं आहे. पण तिथेही आम्ही 'नये' काढला आणि खाली लिहिलं: "हे आपण सर्वांनी मिळून ठरवलं आहे", आणि तक्रार कुणाकडे करायची त्या दोघींची नावं. अकरांपैकी नऊ नकार होते, आता आठांपैकी दोन आहेत.

त्या मुलीला मी दोनदा मेसेज केला. माफी मागितली, अंगठा मीही दिला होता हे सांगितलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. द्यायलाच हवं असं काही नाही. तिनं टाइप केलेली एकतीस पानं आम्ही फोटोवरून पुन्हा जुळवतोय, तिचं नाव वहीच्या पहिल्या पानावर तसंच आहे. तिच्या आजोबांच्या वहीतली बावीस पानं अजून टाइप व्हायची आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी यादीत आपलं नाव लिहा. मोबाईलवर टाइप केलं तरी चालतं.